वेदीवरून पडद्यावर : एका कीरियेचा प्रवास

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि शतकानुशतके लॅटिनमध्ये चालत आलेल्या मिस्साविधीत लोकभाषांना प्रवेश मिळाला. पुढील काही वर्षांत जगभरच्या धर्मग्रामांतून लॅटिन मागे सरली. आपल्या वेदीवरही मराठी आली. इतिहासाचा योगायोग असा, की ख्रिस्तमंदिरांत हे जुने स्वर मंदावत असतानाच कॅलिफोर्नियातील रॉक संगीताने ते उचलले. आणि तेथून ते अशा एका चित्रपटात पोहोचले, की जेथे कोणाही भाविकाने त्यांची अपेक्षा केली नसती.

त्या दशकात अमेरिकेतील असंख्य तरुण घरच्या मोटारखान्यात गिटार व ढोल घेऊन सराव करीत. त्यांच्या ओबडधोबड, आवेशपूर्ण संगीताला पुढे ‘गॅरेज रॉक’ हे नाव पडले. अमली पदार्थांच्या धुंदीतील भास सुरांतून उभे करू पाहणारे ते ‘सायकेडेलिक’ रॉक. लॉस एंजेलिसचा ‘इलेक्ट्रिक प्रून्स’ हा वाद्यवृंद या दोहोंच्या सीमेवरचा. १९६६च्या अखेरीस निघालेल्या त्यांच्या एका गाण्याने अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत अकरावा क्रमांक गाठला होता.

जानेवारी १९६८मध्ये त्यांची ‘मास इन एफ मायनर’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. कीरिये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, बेनेदिक्तुस आणि आग्नुस देई अशा सहा भागांची ही संपूर्ण मिस्सा डेव्हिड अॅक्सलरॉड या संगीतकाराने रचली होती. गिटारच्या घोगऱ्या, लांबवलेल्या स्वरांवर मूळ ग्रीक व लॅटिन शब्द गायिले गेले. तथापि स्वरलिपीबरहुकूम वाजविणे त्या मुलांना जड गेले, आणि कॅनडाच्या एका वाद्यवृंदाच्या व भाडोत्री वादकांच्या साहाय्याने काम पूर्ण करावे लागले. म्हणजे ही मिस्सा कोणा उपासक समुदायाच्या कंठातून नव्हे, तर व्यावसायिक ध्वनिमुद्रणगृहातून आली होती.

१४ जुलै १९६९ रोजी डेनिस हॉपर दिग्दर्शित ‘ईझी रायडर’ प्रदर्शित झाला. या चित्रपटासाठी स्वतंत्र पार्श्वसंगीत रचून घेतले गेले नाही. संकलन चालू असताना संकलक डॉन कॅम्बर्न यांनी तात्पुरत्या म्हणून तयार ध्वनिमुद्रिका जोडल्या. त्या इतक्या चपखल बसल्या की बहुतांशी तशाच राहिल्या. पुढे हीच रीत सर्वत्र रूढ झाली. त्या मुद्रिकांमध्ये ‘कीरिये एलेइसन’ होते.

कथेतील दोन तरुण कोकेन विकून मिळालेल्या पैशावर मोटारसायकलींवरून न्यू ऑर्लिन्सला निघतात. वाटेत त्यांच्या सोबत्याची ठेचून हत्या होते. शहरात पोहोचून ते पोटभर जेवतात आणि कुंटणखान्यात शिरतात. या प्रसंगांमागून प्रभूची दया याचणारे ते स्वर ऐकू येतात. त्यानंतर येतो ‘मार्दी ग्रा’चा उत्सव, गोव्यातील इंत्रुजचा भाऊबंद, राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवसापर्यंत चालणारा. पुढे १७८९ साली सुरू झालेल्या सेंट लुई या कॅथोलिक दफनभूमीत ते नशा करतात, आणि त्या गोंधळात प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हटलेला ऐकू येतो. या चित्रणानंतर न्यू ऑर्लिन्सच्या महाधर्मप्रांताने आपल्या दफनभूमींत अशा चित्रपटांना मज्जाव केला.

हा मज्जाव योग्यच होता. दफनभूमी ही कोणाच्या तरी आईबापांची विश्रांतिस्थळे. तेथील शांतता राखणे हे ख्रिस्तसभेचे कर्तव्य आहे. परंतु कीरियेचा प्रश्न निराळा आहे. ही प्रार्थना नीतिमानांच्या विजयाचे गीत नव्हे. ती अपराध्याची याचना आहे. शुभवर्तमानातील जकातदार मंदिरात दूर उभा राहून ऊर बडवीत जे मागतो, तेच ती मागते. चित्रपटकर्त्यांचा हेतू कदाचित उपरोधाचा असेल. तथापि शब्द त्यांच्या हेतूहून थोर ठरतात. ते दोघे स्वतः काहीच मागत नाहीत. त्यांच्यासाठी कोणीतरी मागे उभे राहून दया मागत आहे, असे ऐकणाऱ्याला वाटते. थोड्याच वेळात भर रस्त्यात दोघांचीही गोळ्या घालून हत्या होते, तेव्हा त्या स्वरांचा अर्थ अधिकच गडद होतो.

उपासनेतील संगीत कसे असावे याचे नियम ख्रिस्तसभेने केले आहेत, आणि वेदीपाशी ते पाळलेच पाहिजेत. पण मंदिराचा उंबरठा न ओलांडणाऱ्या लाखो प्रेक्षकांपर्यंत आपली एक प्राचीन प्रार्थना मोटारखान्यातल्या गिटारवर बसून पोहोचली, हेही खरे. दर मिस्सेत आपण ती सवयीने म्हणून मोकळे होतो. ती कोणासाठी आहे, याचे स्मरण त्या अनपेक्षित ठिकाणी ऐकलेले तिचे स्वर आपल्याला करून देतात.