काठीचा तोल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचे चाचा सोलापुरातल्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होते. सहा दिवस सूत आणि सातव्या दिवशी मासे, असं त्यांचं साधं गणित होतं. सुट्टीच्या दिवशी फजरची नमाज झाली की सायकलच्या दांड्याला वेळूची काठी बांधायची, मागे कॅरेजवर मला बसवायचं आणि हिप्परग्याचा रस्ता धरायचा. हिप्परग्याचा तलाव म्हणजे सरकारी कागदांवरचा एकरुख तलाव. १८७१ साली तो बांधून पूर्ण झाला. बांधणाऱ्यांच्या मनात शेती होती, पिण्याचं पाणी होतं. चाचांच्या मनात मात्र त्या दिवशी फक्त रोहू आणि कटला असत.

पाण्याशी पोचल्यावर चाचा घाई करत नसत. आधी काठी आडवी धरून ती एका बोटावर ठेवत. ती शेंड्याकडे झुकली, तर बुंध्याला गुंडाळलेली शिशाची पट्टी थोडी सरकवत. पुन्हा बोटावर ठेवत. काठी पाण्यासारखी सपाट राहिली की मग मोरपिसाच्या देठाचं तरंगतं बांधायचं, कणकेची गोळी लावायची आणि गळ टाकायचा. मी एकदा विचारलं, "चाचा, माशाला काय कळतंय काठीचा तोल?" ते म्हणाले, "माशाला नाही रे बेटा, मनगटाला कळतो. दुपारपर्यंत बसायचं आहे."

मी कविता लिहिणारा माणूस, इतिहास हा माझा प्रांत नव्हे. पण पुढे वाचता वाचता लक्षात आलं, की बोटावर तोललेल्या त्या काठीमागे मोठा इतिहास आहे आणि त्याचं एक टोक आपल्या सोलापूरच्या अगदी जवळ आहे.

सोलापूरहून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बसवकल्याण आहे. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. आपला हा सारा मुलूख त्या वेळी त्यांच्याच राज्यात होता. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं इ. स. ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत शंभर विषय त्यात आहेत. त्यातलं एक प्रकरण मत्स्यविनोदाचं, म्हणजे मासे धरण्याच्या करमणुकीचं आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचं खाणं, वनस्पतींच्या तंतूंची दोरी, वेळूची काठी, गळ, आमिष असं सगळं त्यात येतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून अभ्यासकांचं त्याकडे लक्ष वेधलं.

याच ग्रंथात कांडण करताना ओव्या गाणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांचा उल्लेख आहे, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो जवळचा वाटतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकाच पुस्तकात राजा पाण्याकाठी गळ टाकून बसला आहे आणि बाई मुसळाशी उभी आहे. राजाला फुरसत आहे म्हणून तो मासा धरतो. बाईला फुरसत नाही म्हणून ती कामातच गाणं मिसळते. गळाच्या काठीचा इतिहास समजायचा तर हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

कारण ज्याचं पोट मासळीवर आहे, तो सहसा काठी घेऊन बसत नाही. तो जाळं टाकतो. भीमेकाठचे भोई पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यावर जगले. १९८० साली उजनीचं धरण पूर्ण झालं, त्यानंतर तिथल्या पसरलेल्या पाण्यातही जाळीच पडली. जाळ्यात एका वेळी टोपलीभर मासे येतात, गळाला एकच लागतो. काठी ही वेळ हाताशी असलेल्या माणसाची वस्तू. म्हणून तिच्याविषयी लिहिलं ते आधी राजानं आणि नंतर साहेबानं.

साहेबांनी भरपूर लिहिलं. विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महासीर माशाचं शास्त्रीय वर्णन १८३९ साली केलं आणि इथलंच 'खुदरी' हे नाव त्याच्या शास्त्रीय नावात घातलं. मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं आणि भीमा आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा हा मासा आपल्या नात्यातलाच म्हणायचा. पुढे १८७३ साली मद्रासच्या मुलकी सेवेतले हेन्री सलिव्हन थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक आलं. हिंदुस्थानातल्या नद्यांवर काठी आणि गळ घेऊन जाणाऱ्या साहेबांचं ते मार्गदर्शक ठरलं.

त्याच काळात आपला वेळूही समुद्रापार गेला. इथल्या जंगलांतला जाड भिंतीचा, जवळजवळ भरीव वेळू परदेशात 'कलकत्ता केन' या नावानं विकला जाई. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाचा कारागीर होता. तो बंदुका दुरुस्त करी आणि व्हायोलिनही बनवी. १८४०च्या दशकात त्यानं असा वेळू उभा चिरला आणि त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठी केली. वेळूचं बळ असतं ते सालीलगतच्या दाट तंतूंत, आतला भाग भुसभुशीत. म्हणून आतलं तासून टाकायचं, बाहेरचं ठेवायचं आणि त्रिकोणी पट्ट्या जोडायच्या. पुढे सहा पट्ट्यांची षट्‌कोनी काठी रूढ झाली. हायरम लेनर्ड यानं १८७०च्या दशकात पट्ट्या कापण्याचं यंत्र केलं आणि अशा काठ्या मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या. विसाव्या शतकात चीनमधला लांब पेऱ्यांचा 'टोंकिन' वेळू आला आणि कलकत्त्याचा मागे पडला.

फिलिपचं नाव राहिलं, लेनर्डचं राहिलं. वेळूला नाव मिळालं ते बंदराचं. तो कुठल्या डोंगरावर वाढला, कुणी तोडला, कुणी वाळवला, याचा पत्ता नाही. आमच्याकडचा बुरूडही वेळू हातात घेतला की तो किती चिरेल आणि किती वाकेल हे सांगतो. पण त्या जाणतेपणावर कुणी पुस्तक लिहिलं नाही.

नंतरचा इतिहास तर सोलापूरच्या माणसानं कान देऊन ऐकावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर काचेच्या तंतूंच्या काठ्या आल्या. १९५० साली अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला, टोंकिन वेळू मिळेना, तेव्हा काचतंतूचं आणखीनच फावलं. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथं विमानांसाठी कार्बन तंतूचं संशोधन १९६०च्या दशकात झालं आणि १९७३ साली फेनविक या अमेरिकन कंपनीनं कार्बनची काठी बाजारात आणली. हा कार्बन तंतू येतो कशापासून? बहुतेक वेळा अॅक्रिलिकच्या धाग्यापासून. स्वेटरच्या लोकरीत असतो त्याच जातीचा धागा हवेशिवाय प्रचंड उष्णतेत भाजला की त्याचा कार्बन होतो. मग असे तंतू एका दिशेनं मांडून किंवा विणून, चिकट राळेत भिजवून त्यांचं कापड करतात. ते लांबट त्रिकोणात बेततात, निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून पट्टी आवळतात आणि भट्टीत भाजतात. सळई ओढून घेतली की हातात पोकळ काठी उरते. म्हणजे ज्या काठीला लोक शास्त्राचा चमत्कार म्हणतात, ती मुळात गुंडाळलेलं कापड आहे. १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिल्यापासून ज्या शहरानं जगाला कापड दिलं, त्याला यात परकं वाटण्याजोगं काही नाही.

अमेरिकेत 'बास' नावाचा मासा आहे. तो पाणवनस्पतींत, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत दबा धरून बसतो. १९६७ साली रे स्कॉट यांनी आर्कान्सातल्या बीव्हर तलावावर या माशासाठी मोठी स्पर्धा भरवली आणि तिथून या खेळाला उधाण आलं. बासच्या मागे लागलेला माणूस चाचांसारखा एका जागी बसत नाही. नकली आमिष दिवसात शेकडो वेळा फेकतो आणि ओढून घेतो. त्यामुळे काठी हाताला जड लागून चालत नाही. म्हणून तिथे हौशी लोक स्वतःच्या हाताच्या मापानं काठी बनवून घेतात, जसे आपण शिंप्याकडून कपडे शिवून घेतो.

हा काठीचा शिंपी काय करतो? आधी नुसती काठी टेकवून शेंडा दाबतो आणि ती बोटांवर फिरवतो. गुंडाळलेल्या कापडाचा थर सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे काठी एका विशिष्ट बाजूवर येऊन स्थिरावते. तो तिचा कणा. त्या कण्याकडे पाहून दोरी ओवण्याच्या कड्यांची बाजू ठरवायची. मग माणसाच्या हाताप्रमाणे मूठ आणि चक्री बसवायची आणि शेवटी तोल पाहायचा.

हा तोल म्हणजे आपला साधा तराजू. समजा काठी ७ फुटांची आहे आणि बुंध्यापासून दीड फुटावर हात आहे. हातापुढे साडेपाच फूट, मागे दीड फूट. मग अगदी टोकाला १ ग्रॅम वजन वाढलं, तर ते सावरायला बुंध्याच्या टोकाशी साडेतीन ग्रॅमहून जास्त घालावे लागतात. म्हणून जाणता कारागीर मागे शिसं भरण्याआधी पुढचं कमी करतो. शेंड्याकडच्या कड्या बारीक घेतो, दोऱ्याचे वेढे मोजकेच देतो, वरचा लेप पातळ ठेवतो. दर संक्रांतीला खांद्यावरून जाणारे सात नंदीध्वज बघत वाढलेल्या सोलापूरकराला हे सांगायला नको. उंच काठीच्या शेंड्याशी किंचित फरक पडला तर खाली धरणाऱ्याच्या कमरेला काय कळ लागते, ते आपण गच्चीवरून पाहिलेलं असतं.

आणि या नव्या काठीवर कड्या बसतात कशा? दोऱ्यानं. खिळा नाही, स्क्रू नाही. ताण सारखा ठेवून वेढ्याला वेढा चिकटवत दोरा गुंडाळायचा. शेवटचे आठ-दहा वेढे राहिले की वेगळ्या दोऱ्याचा फास खाली धरायचा, त्यावरून ते वेढे घालायचे, टोक फासात ओवायचं आणि फास ओढून घ्यायचा. टोक वेढ्यांखाली दडतं, गाठ कुठेच दिसत नाही.

हे वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. छत्रीच्या तारेच्या कड्या करून चाचा त्या वेळूवर अशाच बांधत. पक्कं सूत, वरून मेण, गाठ नाही. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. धागा किती ताणला की तुटतो, किती सैल राहिला की सरकतो, हे सहा दिवस गिरणीत त्यांची बोटं शिकत होती. सातव्या दिवशी ती विद्या ते स्वतःसाठी वापरत.

हा सातवा दिवसही आपोआप आला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१च्या कारखाना कायद्यानं आठवड्याची सुट्टी देशभरच्या कारखान्यांना लागू केली. राजाकडे फुरसत जन्मानं आली, साहेबाकडे हुद्द्यानं. कामगाराला ती सभा घेऊन, अर्ज करून, सह्या गोळा करून मिळवावी लागली. हिप्परग्याच्या काठी बसलेल्या एका वाइंडरच्या हातातली वेळूची काठी हा त्या लढ्याचाच एक लहानसा पुरावा आहे, असं मी मानतो. 'मानसोल्लासा'त जी करमणूक राजाची होती, ती आठशे वर्षांनंतर सायकलवरून येणाऱ्या माणसापर्यंत पोचली.

पुढे चाचांची गिरणी बंद पडली. मला वाटलं होतं, आता ते रोज तलावावर जातील. एकदा काठी घेऊन मी त्यांच्या दारात उभाही राहिलो. ते म्हणाले, "आज कुठला वार आहे?" मी वार सांगितला. ते म्हणाले, "मग काय फरक आहे?" आणि आत गेले. सातही दिवस मोकळे झाले तेव्हा सातवा दिवस उरला नाही. गिरणी बंद झाल्यावर माझ्या पाहण्यात तरी चाचांनी गळ टाकला नाही.

ती काठी आता माझ्याकडे आहे. वेळूला कीड लागली आहे, शिशाची पट्टी काळी पडली आहे. कड्यांवरचे वेढे मात्र एकही सुटलेला नाही. कधी कधी मी ती बोटावर ठेवून बघतो. वेळू वाळून हलका झाल्यानं ती आता बुंध्याकडे झुकते. पट्टी थोडी पुढे सरकवली की सरळ होईल, हे मला माहीत आहे. पण चाचांनी जिथे ठेवली, तिथेच मी ती राहू दिली आहे.