मलबार हिलवरचे पाहुणे

मिशनरी हा शब्द कानी पडला की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक, धर्मांतरावरून झालेले वाद. दुसरी, शाळा आणि दवाखाने. पण परमुलखात हयात घालवणाऱ्या या माणसांना एक घर होते, नातलग होते. त्यांच्याकडे कोणी पाहुणे येत काय? आले तर त्यांना हा मुलूख कसा दाखवला जाई? मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्या चरित्राकडे मी या बाजूने पाहू लागलो आणि ओळखीचा वाटणारा इतिहास बराच निराळा दिसू लागला.

जॉन विल्सन आणि मार्गारेट बेन यांचे लग्न स्कॉटलंडात १८२८ च्या ऑगस्टमध्ये झाले आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये हे जोडपे मुंबईत उतरले. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला तेव्हा चार-पाच महिने लागत. आल्या आल्या दोघे मराठी शिकायला कोकणात, बाणकोट-हर्णैला गेली. त्याच वर्षी मुंबईत परतल्यावर मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. मुलींच्या हाती पाटी देणे हेच जिथे नवल होते, त्या काळातली ही गोष्ट.

या काळात पाहुणा म्हणून कोण येणार? चार-पाच महिने समुद्रावर काढून कोणी चार दिवसांसाठी बहिणीकडे येत नाही. जो येई तो राहण्यासाठीच येई. १९ एप्रिल १८३५ रोजी मार्गारेटबाई मुंबईत वारल्या. त्यानंतर त्यांच्या दोन बहिणी, ॲना आणि हे बेन, स्कॉटलंडहून आल्या त्या बहिणीच्या शाळा चालवायला. माहेरची माणसे आली, पण ज्या बहिणीकडे यायचे तीच उरली नव्हती.

पुढे काळ पालटला तो वाफेमुळे. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुवेझला गेली आणि तांबड्या समुद्राची वाट खुली झाली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाटातून रूळ गेले, १८६९ मध्ये सुवेझचा कालवा सुरू झाला. येणे आणि परत जाणे दोन्ही शक्य झाले, तेव्हा कुठे पाहुणा हा खऱ्या अर्थाने पाहुणा झाला!

विल्सन यांचा दुसरा संसार या नव्या काळातला. १८४६ मध्ये इझाबेला डेनिस्टन यांच्याशी विवाह करून ते परतले. या प्रौढ जोडप्याचे मलबार हिलवरचे ‘द क्लिफ’ हे घर मुंबईत येणाऱ्यांच्या ओळखीचे झाले. इझाबेलाबाई मुलींच्या शाळांची देखरेख करीत आणि घरही सांभाळीत. मुंबईत विल्सन यांच्या ओळखीचा आधार किती दूरवरच्या माणसांना वाटे, याचे एक उदाहरण सांगतो. १८६४ च्या जूनमध्ये आफ्रिकेचा संशोधक लिव्हिंग्स्टन आपली छोटी आगबोट हाकीत झांजिबारहून मुंबईला आला. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातून सोडवलेली चुमा आणि विकातानी ही दोन मुले त्याच्याबरोबर होती. ती त्याने विल्सन यांच्या मिशनकडे सोपवली. डिसेंबर १८६५ मध्ये विल्सन यांनीच त्यांना बाप्तिस्मा दिला. याच चुमाने सुसी आणि इतर सोबत्यांसह १८७३-७४ मध्ये लिव्हिंग्स्टनचे शव महिनोन् महिने चालत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचवले.

आता पाहण्यासारख्या ठिकाणांविषयी. मुंबईत उतरलेल्या युरोपियन माणसाला तेव्हा घारापुरी, कान्हेरी आणि कार्ल्याची लेणी पाहायची असत, आणि त्यांविषयी विचारायचे तर विल्सन यांनाच. यात एक विलक्षण गोष्ट आहे. हाच माणूस १८३०-३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी वाद घालत होता. दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, तर यांनी तिचे खंडन छापले. असा माणूस त्याच धर्मांची लेणी लिहून ठेवू लागला. १८३५ च्या आरंभी सुरत, बडोदे, काठेवाड असा दौरा केल्यानंतर त्यांनी गिरनारच्या शिलालेखाची नक्कल करवली. ती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पोचली आणि अशोकाचे लेख उलगडण्याच्या कामी आली. १८४८ मध्ये मुंबईत लेण्यांसाठी आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्षपद विल्सन यांच्याकडे होते. १८५० मध्ये त्यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या लेण्यांवर विस्तृत टिपण प्रसिद्ध केले. आयोगाच्या शिलालेखांच्या कामात विष्णुशास्त्री नावाचे पंडित होते, हेही विसरू नये.

विल्सन यांची धर्ममते यामुळे बदलली नाहीत. पण खोडून काढायचे म्हणून का होईना, त्यांना बारकाईने पाहावे लागले. आणि बारकाईने पाहिल्यावर जपून ठेवावे असे वाटू लागले. आपल्या दोन भाषांच्या मुलखात मला याचे महत्त्व अधिक वाटते. पुण्या-मुंबईचे सोयरे आले की आपण त्यांना बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती दाखवतो, हलशीच्या देवळाला नेतो. तिथल्या जुन्या कन्नड शिलालेखापाशी मात्र आपल्यातले कितीजण थांबतात? जो मुलूख दाखवायचा त्याची अक्षरे ओळखावीत, एवढा धडा या परक्या माणसाकडून घ्यायला हरकत नाही.

मात्र या घराचे कौतुक करताना दुसरी बाजू झाकता येत नाही. या दारातून आत गेलेले सगळेच परत येणारे पाहुणे नव्हते. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले, पारशी समाज हादरला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने बापाच्या स्वाधीन केले; पण मिशनऱ्यांकडे राहिलेल्या मुलाला जातीत घ्यायला लोक तयार होईनात. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली म्हणून त्यांनाही रोष पत्करावा लागला. त्याच वर्षी धनजीभाई विल्सन यांच्याबरोबर इजिप्त-पॅलेस्टाइनमार्गे स्कॉटलंडला निघाले. विल्सन यांचे आप्त हजारो मैलांवर होते. धनजीभाईंचे मुंबईतच होते, आणि तरीही दुरावलेले. यातले अधिक लांबचे अंतर कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते या इतिहासाचा खरा हिशेब लेण्यांच्या नकलांनी पुरा होत नाही. तुटलेल्या घरांची नोंदही त्याच वहीत हवी.

विल्सन यांचा आपला संसार तरी कुठे सलग होता? थोरला मुलगा अँड्र्यू १८३१ च्या सुमाराचा. आई गेली तेव्हा तो चार-एक वर्षांचा होता. तो शिकला एडिंबरोत आणि जर्मनीत. पुढे हिंदुस्थानात आला तो धर्मप्रचारक म्हणून नव्हे, तर पत्रकार म्हणून. ‘बाँबे टाइम्स’चे काम त्याने पाहिले, चीनमध्ये जाऊन तिथले वर्तमानपत्र चालवले, आणि परत मुंबईच्या पत्रांत आला. प्रकृती ढासळलेली असताना सिमल्यापासून तिबेटच्या सीमेला लागून, स्पिती, झांस्कर करीत तो काश्मीरपर्यंत हिमालयातून गेला. बापाने लेणी लिहून ठेवली, मुलाने बर्फ.

इझाबेलाबाई १८६७ मध्ये मुंबईतच वारल्या. विल्सन त्यानंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण मायदेशी स्थायिक व्हायला गेले नाहीत. १८७५ मध्ये अँड्र्यूचे हिमालयावरचे पुस्तक ‘द अबोड ऑफ स्नो’ ग्रंथरूपाने निघाले. त्याच वर्षी १ डिसेंबरला जॉन विल्सन यांनी मुंबईत डोळे मिटले. सेहेचाळीस वर्षांत ते या शहराचे पाहुणे राहिले नव्हते.