प्रशिक्षण छावणीतील लष्करी डॉक्टर (मध्य प्रांत व वऱ्हाड, १९४१–४५)

रणभूमीवर पाठविण्यापूर्वी नवसैनिकांना जेथे शिक्षण दिले जाते, त्या छावणीतील आरोग्याची जबाबदारी सांभाळणारा वैद्यकीय अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) भारतीय सैन्य सु. दोन लाखांवरून पंचवीस लाखांच्या घरात गेले. या प्रचंड भरतीत शेतातून आलेला माणूस काही महिन्यांत सैनिक व्हावयाचा होता. त्या काळात तो आजारी पडू नये, हे या डॉक्टरचे मुख्य काम. वैद्यकाच्या इतिहासात रणांगणावरील शस्त्रक्रियांचे वर्णन विपुल आढळते. छावणीतील हे काम त्या मानाने दुर्लक्षित राहिले.

तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाडात अशी दोन स्थळे महत्त्वाची होती. नागपूरजवळील कामठी ही १८२१ पासूनची लष्करी छावणी. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिल्यावर दुसरी १९४२ मध्ये कामठीस उभारण्यात आली. दुसरे स्थळ छिंदवाडा. आराकानमधील अपयशानंतर १९४३ मध्ये चौदाव्या भारतीय डिव्हिजनचे रूपांतर प्रशिक्षण डिव्हिजनमध्ये होऊन तिचा तळ तेथे पडला. प्राथमिक शिक्षण संपविलेल्या जवानांना येथे सु. दोन महिने जंगलयुद्धाचे धडे मिळत. यवतमाळ व अचलपूर या दोन्ही बाजूंचे अरुंदमापी लोहमार्ग मूर्तिजापुरास मुख्य मार्गाला मिळत असल्याने त्या टापूतील माणसाला नागपूरकडे जाणारी गाडी मूर्तिजापुरासच धरावी लागे.

डॉक्टर येत ते निरनिराळ्या पायऱ्यांवरून. पदवीधरांना भारतीय वैद्यकीय सेवेत अधिकारपद मिळे. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलसारख्या (स्थापना १९१४) संस्थांतून परवानापत्र घेतलेल्यांची जागा भारतीय वैद्यकीय विभागात, म्हणजे खालच्या दर्जावर असे. ३ एप्रिल १९४३ रोजी या दोहोंतील लष्करी घटक व भारतीय रुग्णालय दल एकत्र करून भारतीय सेना वैद्यकीय दल स्थापन झाले. नाव एक झाले, तरी पदवीधर व परवानाधारक यांतील अंतर त्यामुळे लगेच मिटले नाही.

डॉक्टरचा दिवस रुग्णहजेरीने सुरू होई. सकाळच्या कवायतीच्या सुमारास ‘सिक रिपोर्ट’ केलेले जवान वैद्यकीय तपासणी खोलीसमोर (छावणीच्या बोलीत ‘एम्. आय्. रूम’) रांगेने उभे राहत. औषध घेऊन कामावर, हलके काम, विश्रांती किंवा रुग्णालय, यांपैकी एक शेरा प्रत्येकाच्या नावापुढे पडे. नवसैनिकांत बुटांनी सोललेल्या पायांची तक्रार नेहमीची. पुष्कळांनी त्यापूर्वी बूट घातलेलेच नसत. खरुज, आमांश, ताप हेही रोजचे. कठीण भाग होता तो खरा आजार व कवायतीचा कंटाळा वेगळा करण्याचा. कामचुकार ठरविलेल्या जवानास शिक्षा होऊ शके. उलट, आजारी माणसास कूच करावयास लावले तर तो वाटेत कोसळे. पलटणीच्या प्रमुखास ठरलेल्या मुदतीत ठरलेली संख्या हवी असे आणि डॉक्टर हा त्याचा केवळ सल्लागार होता. आज्ञा देण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. समोरचा जवान म्हणजे रुग्ण की पलटणीच्या संख्येतील एक, हा प्रश्न त्याला अशा रीतीने रोज सोडवावा लागे.

हजेरीनंतर लंगर, पाण्याची टाकी आणि शौचकूपांचे चर यांची फेरी असे. पाण्याची परीक्षा साध्या साधनांनी होई. सहा पांढऱ्या पेल्यांत पाणी घेऊन त्यांत विरंजक चूर्णाचा द्रव चढत्या प्रमाणात घालीत; अर्ध्या तासाने दर्शक द्रव टाकला की ज्या पेल्यात प्रथम निळा रंग स्पष्ट दिसे, त्यावरून टाकीत किती चूर्ण घालावयाचे ते ठरे. लंगरातील माश्या आणि उघडे राहिलेले चर यांचा संबंध आचाऱ्याला व सफाईवाल्याला पटवून देणे मात्र याहून अवघड काम होते. देवी, आंत्रज्वर इत्यादींच्या लसी टोचण्याचे दिवस ठरलेले असत. टोचल्यावर दंड सुजे, ताप येई आणि दुसऱ्या दिवशी रुग्णहजेरीची रांग लांबे.

हिवताप हा सर्वांत मोठा शत्रू. १९४३ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका जखमी सैनिकामागे सु. १२० आजारी सैनिक मागे न्यावे लागत, असे जनरल स्लिम यांनी नमूद केले आहे. १९४२ मध्ये जावा जपानच्या हाती गेल्याने क्विनीनचा पुरवठा तुटला होता. त्याची जागा मेपाक्रीनने घेतली. या गोळीने कातडी पिवळी पडे आणि पुरुषत्व जाते अशी कंडी सैन्यात पसरली होती. म्हणून गोळी अधिकाऱ्यासमक्ष गिळावी, असा नियम करावा लागला. पुढे ज्या पलटणीत अचानक तपासणीत हे प्रमाण ९५ टक्क्यांहून कमी आढळे, तिच्या प्रमुखाला स्लिम पदावरून दूर करीत. औषधाची जबाबदारी डॉक्टरकडून सेनानीकडे गेली, हा बदल वैद्यकाच्या दृष्टीने कोणत्याही नव्या औषधाइतकाच मोलाचा होता. सूर्यास्तानंतर बाह्या खाली, विजार पायघोळ आणि मच्छरदाणी, या सवयी प्रशिक्षणातच अंगवळणी पाडाव्या लागत.

डॉक्टरच्या वजनकाट्याने आणखी एक गोष्ट उघड केली. युद्धकाळात भरतीच्या शारीरिक अटी सैल झाल्या व कमी वजनाचे तरुणही घेतले गेले. लष्करी शिधा सुरू झाल्यावर आणि जंतांवर उपचार झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत त्यांपैकी अनेकांचे वजन वाढे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धांतानुसार महारांची भरती बंद झाली होती, १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटणही १९२१ मध्ये मोडण्यात आली. लढण्यास अपात्र म्हणून ज्यांना दूर ठेवले, त्यांच्यापैकी कित्येकांत उणीव होती ती पोटभर अन्नाची. कामठीस उभी राहिलेली पलटण हा त्या सिद्धांताला मिळालेला प्रत्यक्ष जबाब होय.

भोर समितीने १९४६ च्या अहवालात वैद्यकीय व्यवसायासाठी देशभर एकच पदवी असावी, अशी शिफारस केली. १९४७ मध्ये नागपुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. युद्धकाळातील लष्करी वैद्यकीय प्रशिक्षणाचे व प्रयोगशाळांचे काही घटक एकत्र करून १ मे १९४८ रोजी पुण्यास सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना करण्यात आली.