सामूहिक इजेचे दावे: न्यायालयाच्या यादीत नाव असण्याचे मोल

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळहून बारा बंदिस्त कंटेनर निघाले. सीहोर, आष्टा, देवास आणि इंदूरमार्गे सुमारे २५० किलोमीटर अंतर कापून ते दुसऱ्या दिवशी पहाटे धार जिल्ह्यातील पीथमपूर औद्योगिक वसाहतीत पोहोचले. त्यांत युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा होता. हा कचरा हलवण्याचा आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी दिला. ज्या जनहित याचिकेत तो दिला गेला, ती २००४ मध्ये दाखल झालेली होती.

एकाच दुर्घटनेत किंवा एकाच धंद्यामुळे हजारो माणसांना इजा होते, तेव्हा न्यायालयापुढे नेहमीचा वादी-प्रतिवादी असा सरळ सामना नसतो. इजा झालेले नेमके किती, कोणाची इजा किती गंभीर आणि मंजूर झालेला पैसा योग्य हाती पोहोचला की नाही, याचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवावा लागतो. अशा प्रकरणांत दोष कोणाचा हे ठरवण्याइतकेच बाधितांची यादी कोण करतो हे महत्त्वाचे असते. धार जिल्ह्याशी जोडलेली दोन प्रकरणे हेच सांगतात.

स्वतंत्र कायदा नाही, मार्ग अनेक

सामूहिक इजेच्या दाव्यांसाठी भारतात स्वतंत्र कार्यपद्धती नाही. अमेरिकेत न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत एकाच औषधामुळे वा उत्पादनामुळे उद्भवलेले अनेक दावे एका न्यायाधीशाकडे सोपवण्याची रीतसर व्यवस्था आहे. आपल्याकडे हे काम निरनिराळ्या तरतुदींच्या आधारे भागवले जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ८ नुसार समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एक किंवा काही जण न्यायालयाच्या परवानगीने दावा लढवू शकतात. सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध कलम ९१ आहे. मूलभूत हक्कांचा प्रश्न असेल तर उच्च न्यायालयात जनहित याचिका करता येते. धार आणि देवास हे दोन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाच्या कक्षेत येतात.

पर्यावरणीय हानीमुळे झालेल्या इजेसाठी २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित लवादाचा मार्ग खुला केला. मध्य प्रदेशातील अर्ज भोपाळच्या मध्य विभागीय खंडपीठाकडे जातात, तर गोव्यातील पुण्याच्या पश्चिम विभागीय खंडपीठाकडे. भरपाईचा अर्ज कारण उद्भवल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी कमाल साठ दिवस मिळू शकतात.

भोपाळ: एक वादी, लाखो दावेदार

डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीनंतर अमेरिकेत दाखल झालेले सुमारे १४५ दावे न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात एकत्र करण्यात आले. इकडे संसदेने १९८५ मध्ये कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. मे १९८६ मध्ये न्यायाधीश जॉन कीनन यांनी हा वाद भारतीय न्यायालयांनीच ऐकावा, असा निर्णय दिला आणि प्रकरण भोपाळच्या जिल्हा न्यायालयात आले. तेथे न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने एप्रिल १९८८ मध्ये ती २५० कोटींवर आणली. वाद सर्वोच्च न्यायालयात असतानाच फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

तडजोडीमागचा हिशेब न्यायालयाने ४ मे १९८९ च्या आदेशात मांडला. मृत्यू, कायमचे अपंगत्व, तात्पुरते अपंगत्व, किरकोळ इजा असे वर्ग पाडून प्रत्येक वर्गात अंदाजे किती माणसे असतील हे त्यात गृहीत धरले होते. मृतांची संख्या सुमारे ३,००० धरलेली होती. म्हणजे रक्कम आधी ठरली आणि माणसांची मोजणी पुढे अनेक वर्षे चालत राहिली. कल्याण आयुक्तांच्या देखरेखीखालील न्यायाधिकरणांनी एकेक दावा तपासला, तेव्हा मृत्यूचे मंजूर दावे ५,२९५ वर गेले आणि भरपाई मिळालेल्यांची एकूण संख्या सुमारे ५ लाख ७४ हजार झाली. वाढीव भरपाईसाठी केंद्राने २०१० मध्ये केलेली उपचारात्मक याचिका घटनापीठाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. एकदा अंतिम झालेली तडजोड इतक्या वर्षांनी पुन्हा उघडता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

उपचारांचा प्रश्न मात्र वेगळ्या रीतीने हाताळला गेला. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देखरेख समितीची व्यवस्था केली, रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणण्यास सांगितले आणि पुढील देखरेख मध्य प्रदेश उच्च न्यायालयाकडे सोपवली. प्रकरण निकाली न काढता ठरावीक काळाने अहवाल मागवत राहायचे, ही पद्धत दीर्घकालीन इजेसाठी उपयुक्त ठरते. कारण निकालपत्राच्या तारखेला रुग्णाचा आजार संपत नाही.

धारचे मजूर: नोंदच नसलेल्यांची यादी

दुसरे प्रकरण इतके परिचित नाही. धार, झाबुआ आणि अलीराजपूर जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातमधील गोध्रा आणि बालासिनोर परिसरातील गारगोटी भरडण्याच्या कारखान्यांत कामाला जात. दगडाची बारीक धूळ फुप्फुसांत साठून त्यांना सिलिकोसिस झाला. हा आजार बरा होत नाही. अनेकदा त्याचे निदान क्षयरोग म्हणून होते आणि रुग्ण भलत्याच उपचारांत अडकतो.

कायद्याच्या दृष्टीने सिलिकोसिस हा अधिसूचित व्यावसायिक आजार आहे आणि कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ च्या अनुसूचीतही तो होता. तरीही हे मजूर मालकाकडे दाद मागू शकले नाहीत. नेमणूकपत्र नाही, हजेरीपटावर नाव नाही, काम एका राज्यात आणि मृत्यू दुसऱ्या राज्यात, अशा स्थितीत आपण तेथे काम केले होते हेच सिद्ध करणे त्यांना कठीण होते. गावोगावच्या पाहणीतून आणि वैद्यकीय तपासणीतून त्यांची यादी उभी राहिली. तिच्या आधारे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत आणि ३०४ हयात रुग्णांचे पुनर्वसन मध्य प्रदेश सरकारने करावे, अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०१६ रोजी गुजरात सरकारला ही रक्कम देण्याचे आदेश दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने सिलिकोसिसचे प्रकरण निकाली काढताना कारखान्यांवरील देखरेख हरित लवादाकडे आणि भरपाईची देखरेख मानवी हक्क आयोगाकडे दिली.

मृत्यू आणि भरपाईचा आदेश यांत कित्येक कुटुंबांची अनेक वर्षे गेली. यादी नसती तर तो आदेश मिळाला नसता, हेही तितकेच खरे.

पीथमपूर: ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते

पीथमपूरच्या रहिवाशांची अडचण निराळी होती. ते भोपाळच्या दुर्घटनेचे पीडित नव्हते, मूळ याचिकेत पक्षकारही नव्हते. २०१५ मध्ये याच ठिकाणी दहा टन कचरा चाचणी म्हणून जाळण्यात आला होता. उरलेला कचरा येताच ३ जानेवारी २०२५ रोजी शहरात तीव्र आंदोलन झाले. तीन दिवसांनी उच्च न्यायालयाने राज्य सरकारला सहा आठवड्यांची मुदत दिली. पुढे प्रत्येकी दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या, त्यांचे अहवाल न्यायालयात सादर झाले आणि उरलेला कचरा जूनअखेर जाळून संपला. राहिलेल्या राखेची विल्हेवाट हा त्यानंतरचा प्रश्न. जुन्या इजेचा हिशेब मिटवताना नवी इजा होऊ नये यासाठी ज्यांच्या दारी धोका येणार आहे त्यांचे म्हणणे आदेशापूर्वी ऐकले जावे, हा धडा या घटनाक्रमातून मिळतो.

बाधितांनी काय लक्षात ठेवावे

प्रत्येक न्यायालयीन प्रकरणाला सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्स संकेतस्थळावर त्या क्रमांकाने पुढील तारीख, अंतरिम आदेश आणि निकाल पाहता येतो. सामूहिक प्रकरणात मूळ याचिकेचा क्रमांक बाधितांकडे असणे अत्यावश्यक आहे.

उपचारांचे पहिले कागद, क्ष-किरण चित्रे, त्या काळातील वास्तव्याचा पुरावा आणि मजुरीची कोणतीही चिठ्ठी जपून ठेवावी. इजेचा वर्ग याच कागदांवरून ठरतो आणि भरपाईची रक्कम त्या वर्गावरून.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार सामूहिक आपत्ती किंवा औद्योगिक दुर्घटनेच्या पीडितांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगारही त्यास पात्र आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधता येतो.

न्यायालयाची यादी एकदा बंद झाली की ती पुन्हा उघडणे किती अवघड असते, हे भोपाळने दाखवले आहे. म्हणून निकालाची वाट पाहत बसण्यापेक्षा त्या यादीत आपले नाव आहे का आणि ते योग्य वर्गात आहे का, हे वेळीच तपासणे बाधितांच्या हिताचे आहे.