जावास्क्रिप्टमधील वर्ग, वारसा व मोड्यूल

आज्ञावलीतील माहिती आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया यांच्या एकत्रित एककास वस्तू म्हणतात. समान रचनेच्या वस्तूंचा आराखडा म्हणजे वर्ग व एका वर्गाचे गुणधर्म दुसऱ्यास लाभणे म्हणजे वारसा. या कल्पना ओले-यूहान दाल व क्रिस्टेन न्यूगॉर्ड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी सिम्युला ६७ या भाषेत प्रथम मांडल्या.

जावास्क्रिप्टने वेगळा मार्ग पत्करला. मे १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत तिचा पहिला नमुना सुमारे १० दिवसांत सिद्ध केला. वाक्यरचना जावासारखी ठेवली गेली; वारशाची पद्धत मात्र सेल्फ या भाषेवरून घेण्यात आली. तीत वर्ग नसतो. एक वस्तूच दुसरीचे आदिरूप होते. उदा., कोल्हापूरच्या वस्त्यांची नोंद ठेवणाऱ्या आज्ञावलीत मंगळवार पेठ व शुक्रवार पेठ या वस्तूंचे आदिरूप ‘पेठ’ आणि ‘पेठ’चे आदिरूप ‘वस्ती’ असे योजता येते. ही नावे देवनागरीतही लिहिता येतात. मंगळवार पेठेच्या वस्तूत एखादा गुणधर्म नसल्यास त्याचा शोध प्रथम ‘पेठ’मध्ये व नंतर ‘वस्ती’मध्ये घेतला जातो. आदिरूपात नवी क्रिया घातल्यास पूर्वी निर्माण झालेल्या वस्तूंनाही ती लाभते. ही पद्धत लवचिक असली, तरी अन्य भाषांतून आलेल्यांना ती दुर्बोध वाटे.

दुसरी अडचण नावांची होती. एका पानावरील सर्व फाइलींची जाहीर नावे एकाच सामाईक क्षेत्रात जात. दोन फाइलींत तेच नाव आल्यास नंतरची व्याख्या आधीची पुसून टाकी.

वर्ग व पॅकेज यांचा समावेश करू पाहणारी प्रमाणभाषेची चौथी आवृत्ती मतभेदांमुळे २००८ मध्ये सोडून देण्यात आली. २००९ मध्ये कॉमनजेएस हा मोड्यूलांविषयीचा संकेत पुढे आला व नोड या प्रणालीने तो स्वीकारला. अखेर जून २०१५ मध्ये सहाव्या आवृत्तीने वर्ग, वारसा व मोड्यूल यांना भाषेतच स्थान दिले. मोड्यूल ही स्वतंत्र फाइल असून तिच्यातील नावे निर्यात केल्याखेरीज बाहेर दिसत नाहीत. वर्गाचे लेखन नवे असले, तरी त्याच्या मुळाशी आदिरूपेच राहिली. जुनी जालपृष्ठे निकामी होऊ न देता भाषेची सुधारणा करावयाची, ही मर्यादा तिच्या शिल्पकारांना पाळावी लागली. त्यामुळे १९९५ मधील घाईच्या निर्णयांचा वारसा या भाषेलाही टाळता आलेला नाही.