कोणती आवृत्ती चालू आहे?

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजचा विषय कचेरीतला आहे, पण त्याचा धागा एका रणांगणापर्यंत जातो.

तरुणपणी मी युनिटचा ॲडज्युटंट होतो. नियमपुस्तकांच्या दुरुस्त्या तेव्हा छापील कागदांवर यायच्या. हेडक्लार्क त्या कात्रीने कापायचा, जुन्या परिच्छेदावर डिंकाने चिकटवायचा आणि पुस्तकाच्या सुरुवातीच्या तक्त्यात दुरुस्तीचा क्रमांक, तारीख आणि सही घालायचा. तपासणीला आलेला अधिकारी आधी तो तक्ता उघडायचा. पुस्तक कुठल्या दुरुस्तीपर्यंतचं आहे, हे त्याला सगळ्यात आधी हवं असायचं. मला हा नुसता कारकुनी सोपस्कार वाटायचा. जवळजवळ चाळीस वर्षांनी, सिकंदराबादेत, माझं मत बदललं.

निवृत्तीनंतर मी इथल्या एका शिक्षणसंस्थेचं प्रशासन पाहत होतो. खरेदीच्या मंजुऱ्या आम्ही कागदावरून काढून एका लो-कोड प्लॅटफॉर्मवर नेल्या. लो-कोड म्हणजे फारसा प्रोग्राम न लिहिता, पडद्यावर चौकटी आणि बाण जोडून कामाचा मार्ग आखायचा. हे नाव २०१४ मध्ये फॉरेस्टर या संशोधन संस्थेने रूढ केलं. आमचा मार्ग सोपा होता: विभागप्रमुख, मग लेखा विभाग, मग मी.

एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या तरुण सहकाऱ्याने, माझ्याच सांगण्यावरून, एक बदल केला. पन्नास हजारांवरच्या खरेदीला तीन दरपत्रकं सक्तीची. त्याने मार्गात एक नवी पायरी घातली आणि अर्जात दरपत्रकांचा रकाना. चाचणी घेतली, नवा अर्ज सुरळीत पुढे गेला.

अडकले ते आधीच वाटेत असलेले अर्ज. त्यांचा मार्ग जुनाच राहिला, म्हणजे दरपत्रकं भरण्याची पायरी त्यात नव्हती. अर्ज मात्र सगळ्यांना सामाईक, तो नवा झाला होता आणि रिकामा रकाना सोडून पुढे जाऊ देत नव्हता. वसतिगृहाच्या पाण्याच्या मोटारीचा अर्ज असाच लेखा विभागात नऊ दिवस पडून राहिला. मे महिना होता. शेवटी रेक्टरबाईंचा फोन आला, "कर्नलसाहेब, मुली बादल्या घेऊन शेजारच्या इमारतीत जातायत." मी पडदा उघडला, तर तिथे 'प्रक्रियेत' एवढंच लिहिलेलं.

त्या मुलाने चूक लगेच मान्य केली. पण खरी चूक माझी होती. बदल सांगताना मी एकदाही विचारलं नव्हतं की वाटेत किती अर्ज आहेत. त्यानंतर मी या विषयाचा इतिहास वाचायला घेतला.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस नावाची व्यवस्था तयार केली. प्रोग्रामच्या प्रत्येक आवृत्तीची पूर्ण प्रत न ठेवता ती फक्त फरक साठवायची. त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे. आवृत्तीचा क्रमांक खुद्द प्रोग्राममध्ये कोरून ठेवता यायचा आणि 'व्हॉट' नावाच्या आज्ञेने तयार फाइललाच विचारता यायचं, बाई, तू कोणती? माझ्या हेडक्लार्कचा तक्ता हेच काम करत होता. पुढे १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांची आरसीएस आली, २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचं गिट आलं. कोठारातल्या आवृत्त्या सांभाळण्याचं काम जगाने बऱ्यापैकी सोडवलं. पण कोठाराबाहेर, प्रत्यक्ष कामावर कोणती आवृत्ती आहे, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

आता रणांगणाकडे येतो. १९९१ चं आखाती युद्ध. सौदी अरेबियात धाहरान इथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी तुकडी तैनात होती. तिचं सॉफ्टवेअर वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत अचूक बसत नाही. संगणक जितका जास्त वेळ सलग चालेल तितकी चूक साठत जायची. ११ फेब्रुवारीला इस्रायलकडून आलेल्या माहितीवरून प्रकल्प कार्यालयाला कळलं की आठ तासांतच लक्ष्य शोधण्याची चौकट सरकू लागते. १६ फेब्रुवारीला सुधारित सॉफ्टवेअर तयार होऊन बाहेर पडलं. २१ फेब्रुवारीला तुकड्यांना संदेश गेला की संगणक फार वेळ सलग चालला तर चौकट सरकू शकते. 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे त्यात लिहिलं नव्हतं.

२५ फेब्रुवारीला धाहरानची ती यंत्रणा शंभर तासांहून जास्त सलग चालू होती. घड्याळाची चूक सुमारे एक तृतीयांश सेकंद झाली होती. स्कड क्षेपणास्त्र तेवढ्यात अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. पेट्रियटने त्याला चुकीच्या जागी शोधलं. ते सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि २८ अमेरिकी सैनिक गेले. सुधारित सॉफ्टवेअर धाहरानला पोहोचलं २६ फेब्रुवारीला.

संगणक बंद करून पुन्हा सुरू करणं हे मिनिट-दीड मिनिटाचं काम होतं. आपल्याकडे जुनी आवृत्ती आहे आणि तिला अमुक तासांनी विश्रांती द्यायची, एवढं त्या तुकडीला स्पष्ट सांगितलेलं असतं, तर? फौजी माणूस म्हणून हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

दुसरं उदाहरण बाजारातलं. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीने शेअर खरेदी-विक्रीचं नवं सॉफ्टवेअर सुरू केलं. आठ सर्व्हरपैकी सातांवर ते चढवलं, एक राहून गेला. त्या आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला एक जुना भाग पडून होता, आणि नव्या सॉफ्टवेअरने त्याचीच जुनी खूण नव्या कामासाठी वापरली होती. सर्व्हर जुन्या अर्थाने कामाला लागला. गोंधळ आवरायला कंपनीने उरलेल्या सातांवरचं नवं सॉफ्टवेअर काढून टाकलं, तेव्हा तेही तसंच वागू लागले. सुमारे ४५ मिनिटांत तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. मागे फिरण्याची आज्ञा देण्याआधी कुठे काय चालू आहे ते माहीत असावं लागतं.

आता आपल्या कचेरीकडे. कामाचा मार्ग चित्राने मांडण्याची बीपीएमएन ही प्रमाण पद्धत आहे, तिची दुसरी आवृत्ती २०११ ची. ती वापरणारे अनेक वर्कफ्लो इंजिन नवा मार्ग चढवल्यावर जुना पुसत नाहीत. सुरू झालेली प्रकरणं जुन्या मार्गाने चालतात, नवी प्रकरणं नव्या. हे चांगलंच आहे. पण मार्गाला जोडलेला अर्ज, अधिकारांची यादी, बाहेरून बोलावलेली उपप्रक्रिया यांची आवृत्ती वेगळी असू शकते. मुख्य मार्ग जुना आणि उपप्रक्रिया 'नेहमी ताजी', असं जोडलेलं असेल, तर एकाच प्रकरणाचा अर्धा प्रवास एका नियमाने आणि अर्धा दुसऱ्याने होतो.

म्हणून आम्ही अर्ज, मार्ग आणि उपप्रक्रिया यांना एकत्र एकच क्रमांक दिला. तो क्रमांक प्रत्येक प्रकरणाच्या पडद्यावर वरच दिसतो. बदलाच्या प्रस्तावात तीन गोष्टी लिहायच्या: वाटेत किती प्रकरणं आहेत, ती जुन्या मार्गाने संपू द्यायची, ठरवून नव्या मार्गावर हलवायची की रद्द करून पुन्हा भरायची, आणि मागे यावं लागलं तर नव्या मार्गावर गेलेल्यांचं काय. शुक्रवारी संध्याकाळी बदल बंद. चाचणीत नव्या अर्जाबरोबर अर्ध्या वाटेतला एक जुना अर्जही घ्यायचा.

काही महिन्यांनी त्याच मुलाचा फोन आला. "सर, वाटेत एकोणीस आहेत. सोमवारपर्यंत संपतील. मंगळवारी सकाळी चढवू?"

मी म्हटलं, चढव. आणि रजिस्टरमध्ये क्रमांक, तारीख आणि सही घातली.