महाळुंग्यातील घराला किनाऱ्याचे रंग

मुळेकाठच्या महाळुंग्यातून समुद्र दिसत नाही. निळ्या-हिरव्या रंगांनी त्याचा भास मात्र घरात आणता येतो. चारही भिंती गडद निळ्या रंगविणे ही यातील नेहमीची चूक. कोकणातील घराची ओळख म्हणजे जांभ्याचा तांबूसपणा आणि चुन्याचा पांढरेपणा. त्यात निळीची केवळ छटा असते. म्हणून भर पांढऱ्यावर द्यावा. उत्तरेकडील खोलीत थेट ऊन कमी, तेथे निळा रंग उदास भासतो. पिवळसर झाक असलेला हिरवा बरा. पश्चिमेच्या खोलीत फिकट निळा शोभतो. पिवळ्या दिव्याखाली निळा हिरवट दिसतो, यास्तव नमुन्याचा पट्टा भिंतीवर लावून तो रात्रीही पाहावा. मातीच्या कुंड्या व काथ्याची चटई यांची जोड पुरेशी. शंख-शिंपल्यांची गर्दी झाली, की दिवाणखान्याचे गणपतीपुळ्यातील दुकान होते.